दोन आगवाले

बाबांच्या साहेबांचे आजोबा ब्रिटिश आरमारात होते आणि त्यांची अख्खी कारकीर्द मी टाइप केली आहे. तेराव्या वर्षी शिकाऊ म्हणून बोटीवर चढले. तिशीच्या आत, आम्ही पुढे राहिलो त्याच आखातात, एका लहान गनबोटीचे कप्तान झाले. चोरून बंदुका नेणारी गलबतं अडवायची, हे काम. मग महायुद्ध, दोन पदकं, पेन्शन आणि गुलाबाची बाग. इतक्या वर्षांनीही हे सगळं मला पाठ आहे, आणि पाठ आहे याचाच कंटाळा येतो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी पुण्याहून बी.ए. होऊन आखाताकाठच्या खोर फक्कानला आईबाबांकडे परत आले होते. कॉलेजात तीन वर्षं एका संघटनेची पत्रकं लिहिली होती, त्यामुळे जगात कोण कोणाला पिळतं हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. बाबा बंदरावरच्या एका शिपिंग एजन्सीत होते. साहेब रिटायर होऊन इंग्लंडला निघाले होते आणि निरोपाच्या पार्टीत पाहुण्यांना आजोबांवरची छोटी इंग्रजी पुस्तिका वाटायची त्यांना हौस होती. बाबा म्हणाले, माझी मुलगी लिहिते. जाण्याआधी साहेब नोकऱ्यांच्या रिन्युअलच्या लिस्टवर सह्या करणार होते आणि बाबांचा व्हिसा दोन महिन्यांत संपत होता. नोकरी गेली की व्हिसा गेला, व्हिसा गेला की बिऱ्हाड गुंडाळायचं. हे आमच्या बिल्डिंगमधल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं. मला नव्हतं असं म्हणणार नाही.

साहेबांनी खोकाभर डायऱ्या दिल्या. बहुतेक पानांवर वारा आणि हवामान. एका जुलैत मात्र लिहिलं होतं की उष्मा फार आहे, रत्नागिरीकडचे दोन आगवाले बॉयलरपाशीच मेले, त्यांना समुद्रात सोडलं, दुपारी डेकवरचं फाटलेलं छत शिवून घेतलं. आगवाले म्हणजे भट्टीत कोळसा टाकणारे. नावं नाहीत. बोटीवरच्या कुत्र्याचं नाव त्या डायरीत नऊ वेळा आहे. मी मोजलं.

पुस्तिकेत त्या दोघांवर मी अर्धं पान लिहिलं. ही पदकं कोणाच्या जिवावर, कप्तानाला सावली आणि आगवाल्याला भट्टी का, असं सगळं. आणि तिथेच चुकले. संघटनेत आमचा नियम होता की मजकूर वडीलधाऱ्यांना दाखवायचा नाही. दाखवला की ते त्याची धार काढतात. लिहायचं आणि थेट छापखान्यात. मी तेच केलं. शारजाच्या प्रेसवाल्याने एक अक्षर न वाचता ‘खलास, मंगळवारी घेऊन जा’ म्हटलं आणि मंगळवारी शंभर प्रती साहेबांच्या टेबलावर पोचल्या. बाबांनीच नेऊन ठेवल्या, न वाचता, अभिमानाने.

दुपारी बाबा प्रती परत घेऊन आले. साहेब ओरडले नव्हते. इंग्रजी चांगलं आहे म्हणाले. पण हा निरोप आहे, कोर्ट नाही. पार्टी गुरुवारी, पुन्हा छापायला वेळ नाही, तेव्हा तेवढा भाग झाका. रिन्युअलची लिस्ट शनिवारी बघू. बाबांनी हे सगळं बूट न काढता, दारातच सांगितलं. मी वाद घालायला तोंड उघडलं तर आई म्हणाली, आधी जेवा.

पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या कापून आम्ही तिघं जमिनीवर बसलो. आई खळ लावायची, मी चिकटवायची, बाबा वर वही दाबायचे. दहाबारा प्रती झाल्यावर बाबांनी चष्मा लावून तो मजकूर पहिल्यांदा वाचला. सावकाश, बोट फिरवत.

“हे खरंय?”

“त्यांच्याच डायरीत आहे, बाबा.”

“हं.” त्यांनी प्रत माझ्यापुढे सरकवली. “खोटं असतं तर सॉरी म्हणून सुटलो असतो. खरंय म्हणून झाकावं लागतंय. चिकटव.”

मी म्हटलं, तुम्हाला काहीच वाटत नाही का? ते म्हणाले, वाटतं, पण वाटण्यावर व्हिसाचा शिक्का बसत नाही. आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं, पत्रकांनी मला रागाशीच भांडायला शिकवलं होतं.

“सरळ लाव गं,” आई म्हणाली. “वाकडं दिसलं की माणूस नखाने खरवडून बघतो.”

ते ऐकून एक तरी वाकडी लावावी असं मनात आलं. एक प्रत हातात धरून बसलेसुद्धा. बाबा वही घेऊन थांबले होते, घाई करत नव्हते, माझ्याकडे बघतही नव्हते. गुडघे दुखत असणार, कारण ते सारखे पाय बदलत होते. मी पट्टी कडेला कडा जुळवून लावली. मग उरलेल्याही.

शनिवारी सही झाली, तीन वर्षांची. बाबा येताना जिलबी घेऊन आले. मी खाल्ली.