बाबूने एक रुपयाही सोडला नाही

मी बैलांचा दलाल होतो. आमच्या चंद्रपूरकडच्या आठवडी बाजारांत घेणारा आणि विकणारा यांच्या हातांवर दुपट्टा टाकतात आणि आत बोटं दाबून भाव ठरवतात. त्या दुपट्ट्याखाली माझा हात वीस वर्षं होता. शाळा सातवीत सुटली. शेत नव्हतं, ओळखपाळख नव्हती. जे मिळवलं ते जिभेवर आणि बोटांवर. माझा राग बाजारात सगळ्यांना माहीत होता, आणि त्यातला निम्मा मी मुद्दाम आणलेला असे. तडकून उठलं, चार पावलं चाललं, की मागून हाक येतेच.

धाकटा भाऊ माझ्याहून चौदा वर्षांनी लहान. वडील गेल्यावर मीच त्याला वाढवलं. मॅट्रिक झाल्यावर तो मलेरिया खात्यात हंगामी फवारणीला लागला. पंप आणि डीडीटीची पोती घेऊन जिवतीच्या डोंगरातल्या गावांत हिंडायचं, घरांच्या भिंती आतून फवारायच्या, दाराशेजारी गेरूने तारीख लिहायची. हंगाम संपला की घरी बसायचं. त्यांचं काम तपासायला एक निरीक्षक जीपमधून येई. भिंतीवर बोट फिरवून पाही, विहिरीचं पाणी बाटलीत घेई, डासांच्या अळ्या कुठे आहेत ते दाखवी. भावाला तसं व्हायचं होतं.

त्याच सुमाराला गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. नवा जिल्हा म्हणजे नवी ऑफिसं, नव्या जागा. मी चौकशीला लागलो. डॉक्टरकी आमच्या आवाक्याबाहेर होती. बी.ए., बी.एस्सी. करून पोरं पानठेल्यावर उभी राहिलेली मी पाहत होतो. स्वच्छता निरीक्षकाचा अभ्यासक्रम एका वर्षाचा होता. पुढे जिल्हा परिषद आहे, नगरपालिका आहे, भद्रावतीची फॅक्टरी कॉलनी आहे. कुठेही लागला तर पक्का पगार, क्वार्टर, म्हातारपणी पेन्शन. एवढ्या कमी खर्चात इतकं देणारं दुसरं शिक्षण मला दिसलं नाही. आजही सांगतो, माल निवडण्यात मी चुकलो नव्हतो.

अडचण एकच होती. सरकारी प्रवेशाला वयाची अट होती आणि भावाच्या हातात जेमतेम दीड वर्ष उरलं होतं.

आम्ही दोघं नागपूरला गेलो. सरकारी संस्थेत खिडकीमागे एक बाबू बसला होता. त्याने छापील कागद सरकवला. फी, वसतिगृह, अनामत, सगळं धरून एका बऱ्या बैलजोडीची किंमत होत होती. मी म्हणालो, वसतिगृह नको, पोरगा नातेवाइकाकडे राहील. वसतिगृह सक्तीचं होतं. मग म्हणालो, अनामत दिवाळीनंतर देतो. तो म्हणाला, आताच. शेवटी मी म्हणालो की आम्ही लांबून जंगलातून आलो आहोत, काहीतरी सोडा.

बाबू मान वर न करता म्हणाला, "हा बैलबाजार नाही."

मी काय धंदा करतो हे त्याला ठाऊक असायचं कारण नव्हतं. पण मला ते लागलं. मी कागद त्याच्याकडे फेकला आणि चालू लागलो. हाक आली नाही.

दुसरी संस्था खाजगी होती, कापडाच्या दुकानावरच्या माडीवर. तिथल्या संचालकाने खुर्ची दिली, चहा मागवला. त्याने सरकारीपेक्षा जास्त आकडा सांगितला तेव्हा मला बरंच वाटलं, कारण आता खेळायला जागा होती. मी तीनदा उठलो आणि तीनही वेळा त्याने बसवलं. पुस्तकं फुकट झाली, परीक्षेची फी गेली, वसतिगृहाचा तर प्रश्नच नव्हता. शेवटी सौदा सरकारीच्या निम्म्यावर आला आणि त्याचा चेहरा पडला. आमच्या धंद्यात विकणाऱ्याचा चेहरा पडला की समजायचं, माल खरा आहे. जो एक पैसाही सोडत नाही त्याला एक तर विकायचं नसतं किंवा जनावरात खोट असते. हा हिशेब माझा वीस वर्षांत कधी चुकला नव्हता.

जिन्यात भाऊ थांबला. म्हणाला, "भाऊ, सरकारीच घेऊ. थो बाबू कमी करत नाई म्हणजे त्याले कमी कराची गरज नाई."

"तुले बैलाचे दात तरी पाहाले येते का?" मी विचारलं.

मी वर जाऊन पैसे भरले.

वर्षभर तो मन लावून शिकला. पहिल्या वर्गात पास झाला. सर्टिफिकेटवर सोनेरी शिक्का होता. मी ते काचेत मढवून घरात लावलं आणि गडचिरोलीला जागा निघाल्या तेव्हा काचेतून काढून पिशवीत घातलं.

तिथले साहेब वयस्कर होते. त्यांनी कागद उलटून मागची बाजू पाहिली, पुन्हा पुढची पाहिली. संस्थेला शासनाची मान्यता नव्हती. मुलाखतीला बसवता येणार नाही, असं त्यांनी सांगितलं, तेही अगदी हळू आवाजात. ते ओरडले असते तर मला काही करता आलं असतं.

मी म्हणालो, "साहेब, पोराले सहा महिने बिनपगारी ठेवून पाहा. काम पटलं नाई तर हाकलून द्या."

"बिनपगारी ठेवायलाही मान्यतेचाच कागद लागतो," ते म्हणाले.

माझ्याकडे सोडायला आणखी काही नव्हतं. भाऊ बाहेर बाकावर बसला होता. माझं तोंड पाहून त्याने पिशवी माझ्या हातातून घेतली.

आठवड्यात मी एकटाच नागपूरला, त्याच खिडकीशी. तोच बाबू. त्याने जन्मतारीख पाहिली. भावाचं वय चार महिन्यांनी उलटलं होतं.

मी विचारलं, "तेव्हा काऊन नाई सांगतलं, की दुसरीकडच्या कागदाले किंमत नाई?"

बाबू म्हणाला, "तुम्ही विचारलं होतं का? तुम्ही फक्त कमी करा म्हणत होतात."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पण बैलबाजारातसुद्धा, समोरचा फसतोय हे दिसलं तर दलाल डोळ्याने खूण करतो. एक वाक्य लागलं असतं. ते त्याने मला दिलं नाही, आणि हे मी आजपर्यंत विसरलेलो नाही. माडीवरच्या संचालकाचा मला एवढा राग येत नाही. त्याने मान्यता आहे असं कधी म्हटलंच नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. मी तीनदा उठलो, आणि तीनदा बसलो, ते पुस्तकांसाठी.

पुढच्या हंगामात भाऊ पुन्हा फवारणीला गेला. त्या वर्षी त्याच्या टोळीला आमचंच गाव आलं. आमच्याकडे फवारणीवाल्यांशी सगळेच घासाघीस करतात. डीडीटीचे पांढरे डाग पडतात म्हणून बाया स्वयंपाकघर सोडवून घेतात, कोणी धान्याची खोली सोडवून घेतो. मी तर दरवर्षी त्यांना नुसता गोठा फवारू देऊन तिथूनच परत लावत असे.

टोळी दारात आली. ज्या घरात तो रात्री झोपत होता त्याच घराच्या उंबरठ्याबाहेर उभं राहून, सगळ्यांना विचारायचं तसं त्याने मला विचारलं, "भाऊ, कोणती खोली सोडू?"

त्याच्या मागे वही घेऊन नवा निरीक्षक उभा होता, भावाहून वयाने लहान.

मी भांडी अंगणात काढली. धान्याच्या कणग्या झाकल्या. बुद्धाची मूर्ती बाहेर आणून बाजेवर ठेवली.

"सगळं फवार," मी म्हणालो.

भावाने एकही कोपरा सोडला नाही. सर्टिफिकेटची चौकट होती ती जागासुद्धा नीट भिजवली. मग बाहेर येऊन दाराशेजारी गेरूने तारीख लिहिली, खाली 'पूर्ण' असं लिहिलं आणि पंप उचलून पुढच्या घराकडे गेला.