सुनंदाचा चाकवत आणि माझं खुरपं

आणि वर बाकीच्या जणी मलाच म्हणतात, "शोभाताई, तुम्हाला काय, वेळच वेळ." मला वेळ असतो? सकाळचे डबे, सासूबाईंचं अंथरूण-पांघरूण, पाणी गेलं की बादल्या... हे काय शेजारीण येऊन करून जाते?

नाशिक रोडला आमच्या कॉलनीच्या मागे एक रिकामा प्लॉट आहे. त्याच्या मालकीणबाई, आम्ही त्यांना काकूच म्हणतो, त्यांनी आम्हा पाच जणींना तिथं भाजी लावायला दिली. एकच अट घातली... हिरवं ठेवा, जंगल करू नका.

आमचं ठरलं, प्रत्येकीनं आपापल्या माहेरचं बी आणायचं आणि आपली सरी लावायची. मी नांदगावची, मी गवार आणली. उद्घाटनाला खुरपं हातात धरून फोटो काढायला पाचही जणी होत्या... नंतर खुरपायला मी एकटी.

पावसात गवत असं माजलं की माझी गवार मलाच सापडेना. कमरेएवढं गाजरगवत, खाली लव्हाळा. आज उपटावा, चार दिवसांनी परत हसत उभा.

खरं सांगते, मन उतरलं होतं. गेट उघडायचे, ते रान बघायचे आणि गेट लावून घरी यायचे. पाच जणींच्या ग्रुपवर बोलले की अंगठा यायचा... माणूस नाही यायचा.

त्यात दिवाळी झाल्यावर काकूंचा फोन आला. साप निघाला म्हणून शेजारचे तक्रार करतात, आता फरशी टाकून घेते म्हणाल्या. माझं डोकंच फिरलं.

दुसऱ्या दिवशी ह्यांचा जुना शर्ट अंगात घातला, गाजरगवतानं हात खाजतात म्हणून, आणि घुसले. कुणाची सरी, कुठली सरी काही बघितलं नाही. एकेकीला मनात शिव्या घालत मुठीनं उपटलं. रागात काम फार होतं बघा... दुपारपर्यंत कोपऱ्यात माझ्या उंचीचा ढीग.

त्याच आठवड्यात सुनंदा आली. ही आमच्यातली सगळ्यात लहान, निफाडकडची. आई सिरियस आहे म्हणून दिवाळीच्या आधी घाईत माहेरी गेली, ती आईचं दिवसकार्य करूनच परतली. घरी पिशवी ठेवून सरळ प्लॉटवर.

"ताई, नळाकडची माझी सरी कुठंय?"

"कसली सरी गं, जंगल होतं नुसतं. बघ की कसं लख्ख केलं." मी तर शाबासकीची वाट बघत उभी.

ती ढिगाजवळ बसली. हातानं गवत बाजूला केलं, त्यातून बोटभर सुकलेलं रोप काढलं आणि पान चोळून बघितलं. चाकवताच्या पानाला खालून पीठ असतं... ते तिच्या बोटाला लागलं.

"चाकवत होता ताई. जायच्या आदल्या दिवशी टाकला होता. आईनं राखेत ठेवलेलं सगळं बी होतं ते... आता तिकडं बी धरणारं कोणी नाही."

एवढंच बोलली आणि घरी गेली. भांडली असती तर बरं झालं असतं. भांडण मला जमतं.

बाजारात चाकवताची जुडी मी डोळे मिटून ओळखते. पण बोटभर रोप... आमच्या नांदगावला हाच गव्हात उगवतो आणि आम्ही तो उपटून म्हशीपुढं टाकतो. तिच्याकडं तो राखून पेरतात, हे मला कुठलं माहीत.

आमच्या पाच जणींतल्या मंगलला सुनंदा सांगून गेली होती, सरीत बी टाकलंय हे शोभाताईच्या कानावर घाल म्हणून. मंगल फराळाच्या गडबडीत विसरली. मंगलला बोलून झालंय माझं, चांगलंच... पण मंगलनं काय केलं? खुरपं माझ्या हातात होतं.

त्या संध्याकाळी ढीग उपसून, जरा ओलसर दिसली ती रोपं मी अंदाजानं परत लावली. सकाळी सगळ्यांनी माना टाकल्या होत्या. पाणी घालत राहिले तरी एकही उठलं नाही.

फक्त नळाखाली वीतभर जागा राहिली आहे. तिथं चिखल होता म्हणून मी पाय घातला नव्हता. तिथं हिरवं आहे... थोडा चाकवत असेल, थोडं गवत असेल. मला दोन्ही सारखंच दिसतं.

काकूंना म्हटलं, होळीपर्यंत थांबा, तेवढ्या रोपांचं बी धरू द्या. त्या म्हणाल्या, "शोभा, एकटीसाठी नाही थांबणार. रविवारी सकाळी पाचही जणी कामाला दिसल्या तर थांबते, नाहीतर सोमवारी माणसं येतील फरशीला."

मी चौथी शिकलेली बाई, फोनमध्ये बोलते आणि तो लिहितो. असं चारचौघांत लिहायचं नव्हतं. पण सुनंदा फोन उचलत नाही आणि दारावर गेले तर तिच्या सासूबाई झोपलीय म्हणतात... रोजच झोपलेली असते.

मंगल आणि बाकीच्या दोघींनो, अंगठे नकोत. येणार की नाही, शनिवारपर्यंत तोंडानं सांगा.

आणि सुनंदा, माझ्याशी बोलू नकोस हवं तर. पण रविवारी सकाळी नळापाशी ये आणि नुसतं बोट दाखव... कुठलं ठेवायचं आणि कुठलं काढायचं. तू येईपर्यंत त्या वीतभर जागेला मी हात लावणार नाही. येतेस का ते शनिवारपर्यंत कळव.