वय विचारणाऱ्या ताई

"आधी वय विचार. मग बोल."

हे म्हणताना ताई चष्मा कपाळावर ढकलायच्या आणि अशा बघायच्या, की आपलं काय चुकलं हे कळायच्या आधीच समोरचा मनातल्या मनात कान पकडायचा. मीही पकडला आहे, बऱ्याचदा.

आमचं ऑफिस मरोळला, औद्योगिक वसाहतीतल्या एका इमारतीत. खाली पुठ्ठ्याचे खोके बनवणारा कारखाना, वर आम्ही. काम लोकसंख्येच्या आकड्यांचं. त्यातला ताईंचा प्रांत ठरलेला होता: साठीपुढच्या बायका. कोकण, विदर्भ, मराठवाडा, खानदेश, कुठल्या भागात त्या किती मरतात, पूर्वी किती मरायच्या आणि फरक कशानं पडला. मी त्यांच्या हाताखाली लागले तेव्हा घरी हे समजावून सांगताना माझी वाट लागली. "म्हाताऱ्या मोजता?" माझी आई म्हणाली. "आणि त्याचा पगार देतात?"

एकदा नवे साहेब आले. तक्त्यावरून नजर फिरवून म्हणाले, "कोकणात म्हाताऱ्या फारच मरतात हो."

चष्मा कपाळावर गेला. "साहेब, तिकडच्या म्हाताऱ्या नव्वदीला पोचतात, म्हणून तिथे मरतात. जिथे पासष्टीतच आटपतं, तिथे नव्वदीची बाई मरायला आणायची कुठून? सारख्या वयाची बाई सारख्या वयाच्या बाईशी लावून बघा. मग कळेल कोण जास्त मरतंय."

साहेबांनी लावून बघितलं. कोकण एकदम खाली आलं. त्यानंतर साहेब कुठल्याही तक्त्याला हात लावण्याआधी ताईंच्या टेबलाकडे बघून घ्यायचे.

तुम्ही म्हणाल, आकड्यांत बुडालेल्या बाईला माणसांचं काय. पण ताईंचं उलट होतं. रस्त्यात कुणी म्हातारी दिसली की यांचं सुरू. मरोळच्या बाजारात एक कोळीण सुकी मासळी घेऊन बसायची. ताईंनी तिला वय विचारलं.

"साठ आसंल."

पुढच्या वर्षी विचारलं, साठ. त्याच्या पुढच्या वर्षीही साठच. आमच्या धंद्यातली ही जुनी डोकेदुखी. बायका वय सांगतात ते साठ, सत्तर, ऐंशी अशी गोळाबेरीज. अधलंमधलं वय जणू कुणाला होतच नाही. शेवटी ताई तिच्यासमोर उकिडव्या बसल्या. "मावशी, कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तू केवढी होतीस?"

"तवा माझा थोरला कडेवर होता."

"मग तू पंचाहत्तरच्या पुढची झालीस की."

"तुला काय लिवाचं ते लिव," कोळीण म्हणाली. "मी साठचीच. बोंबील किती देऊ?"

ताई एवढ्या हसल्या, की आपल्याला नको असलेले बोंबील घेऊन आल्या. दुपारभर ऑफिसात वास.

आणि एकदा त्यांनी सगळ्यांना मालवणी खाजा वाटला. जुन्या वर्षांचे आकडे आणि नवे आकडे शेजारी लावून झाले होते. सगळीकडे मृत्युदर उतरला होता, आणि जे भाग मागे असायचे तेही पुढच्यांच्या बरेच जवळ आले होते. "कोण मेलं नाही म्हणून खाजा वाटताय?" कुणीतरी चिडवलं. "मेल्या नाहीत म्हणूनच," ताई म्हणाल्या. "बायका जगताहेत रे." आणि डबा पुन्हा सगळ्यांपुढे फिरवला.

ताईंनी लग्न केलं नव्हतं. का, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. मुलुंडला सातव्या मजल्यावर एकट्या राहायच्या. आई कुडाळजवळच्या गावी, तीही एकटी. आईविषयी त्या फार अभिमानानं बोलायच्या. विहिरीचं पाणी स्वतः काढते, कुणाचं ऐकत नाही, आमच्या तक्त्यातली सगळ्यात वरच्या वयोगटातली बाई आहे ती.

मग ही वरच्या गटातली बाई अंगणात पडली. खुब्याचं हाड मोडलं. ताई गावी गेल्या आणि तिला मुलुंडला घेऊन आल्या. आम्ही काही विचारायच्या आतच म्हणाल्या, "हॉस्पिटल जवळ असलं की बाई जगते. हे मी नाही म्हणत, आकडे म्हणतात."

आकडे खरं बोलले. आजी जगल्या. काठी घेऊन घरातल्या घरात चालायलाही लागल्या. ताई सकाळी निघायच्या, संध्याकाळी परतायच्या, मधे एक बाई येऊन जेवायला वाढून जायची. बाकी दिवस आजी दाराजवळच्या खुर्चीत. लिफ्टचा आवाज ऐकायच्या.

मी रविवारी कधी जायचे. आजी माझा हात धरून ठेवायच्या. "बस गो. इतक्यात खंय चाललंस?" मग ताई चहा टाकायला आत गेल्या की हळूच सांगायच्या, "माका घराक जावचा आसा. हिका सांग. माजा आयकणा नाय."

मी सांगितलं. ताई भांडी घासत होत्या. "तिकडे पडली तर?" एवढंच म्हणाल्या. पुन्हा मी विषय काढला, तेव्हा त्यांनी नळ मोठा सोडला.

वर्षभरानं आजी झोपेतच गेल्या. मृत्यूची नोंद करायला पालिकेच्या ऑफिसात मी ताईंच्या सोबत होते. खिडकीतल्या माणसानं विचारलं, "आजी कायम इथेच राहायच्या ना?"

आता आमच्या कामातला नियम साधा आहे. सहा महिन्यांहून जास्त जिथे राहिलात, तिथले तुम्ही. उपचाराला आलेल्या गावच्या बायका मुंबईच्या खात्यात जातात म्हणून ताईंनी उभा जन्म भांडणं केली होती, पण नियम कधी वाकवला नव्हता.

"नाही," ताई म्हणाल्या. "पाहुण्या होत्या. गावच्या."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

निवृत्त झाल्यावर ताईंनी मुलुंडचं घर बंद केलं आणि गावच्या घरी राहायला गेल्या. आम्हाला वाटलं, चार दिवसांची हौस. पण त्या तिथेच राहिल्या. मला मनातून बरं वाटलं. आईला जे देता आलं नाही ते बाई स्वतः तरी घेताहेत, अशी मी माझी समजूत करून घेतली.

परवा संध्याकाळी ऑफिसातून निघता निघता त्यांचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं. शेजारची दोन्ही घरं बंद आहेत म्हणाल्या, एकातले बोरिवलीला, दुसऱ्यातले घाटकोपरला. गणपतीला उघडतात. पलीकडच्या काकी गेल्या. दिवसभरात बोलायला पोस्टमन, तोही रोज येत नाही.

"मला वाटायचं, आई इथे माणसांत होती," ताई म्हणाल्या. "मी तिला माणसांतून उचलून आणलं, हेच मनाला लागून होतं. पण इथे कुणीच नाही गं. तिच्या वेळीही नव्हतं."

"मग तुमचं काय चुकलं, ताई?" मी घाईनं म्हटलं. "तिथेही एकटं, इथेही एकटं. निदान तुमच्याजवळ तरी होत्या."



"तरी तिला परत इथेच यायचं होतं," त्या म्हणाल्या. "या एवढ्या एकटेपणात. म्हणजे माझ्याजवळ ती किती एकटी असेल, बघ."

रस्त्यावर रिक्षांचा कलकलाट, खोक्यांचा टेम्पो मागे येत होता, मी भिंतीला चिकटून उभी राहिले. "ठेवते हं," ताई म्हणाल्या. पण फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही. पलीकडे विहिरीत कळशी आपटल्याचा आवाज आला, मग दोर ओढल्याचा. मी फोन कानाला लावून स्टेशनच्या दिशेनं चालत राहिले.