गव्हाची बिअर आणि आमचं भजनी मंडळ

मी आयुष्यात एकच भजनी मंडळ काढलं. ते दीड वर्ष दर शनिवारी नेमाने भरलं आणि त्यात एकदाही भजन झालं नाही.

मंडळाचे सभासद तीन. पहिला मी, नोकरीपायी नागपूरहून भोपाळला आलेला आणि कोटरा सुल्तानाबादेत रुजलेला सरकारी इंजिनिअर. दुसरा आमच्याच ऑफिसातला पाध्ये, जो वीस वर्षं भोपाळात काढूनही "आमच्या पुण्यात" असं म्हटल्याशिवाय वाक्य सुरू करत नाही. तिसरा अकोल्याचा इंगळे, जो सहसा वाक्यच सुरू करत नाही. आमचं ध्येय उदात्त होतं. भोपाळात चांगली बिअर शोधायची! बाटलीतली, नुसतीच गारढोण लागणारी नव्हे. तिथल्या तिथे बनवलेली, ताजी, धान्याची चव जिभेवर राहणारी.

त्यासाठी आम्ही अर्धं शहर पालथं घातलं. एका पबमध्ये गाणी एवढ्या मोठ्याने लागली होती की ऑर्डर हातवारे करून द्यावी लागली (आली पनीर टिक्क्याची प्लेट!). दुसऱ्या ठिकाणी बिअर बरी होती, पण अंधार इतका, की इंगळेने शेजारच्या टेबलावरच्या माणसाचा ग्लास आपला समजून संपवला आणि वर "थोडी जास्तच कडू आहे" असा अभिप्रायही दिला. अखेर मिसरोदला होशंगाबाद रोडवर आम्हाला हवा तसा पब मिळाला. खिडक्या मोठ्या, गाणी हळू आणि काचेपलीकडे बिअरच्या चकचकीत टाक्या. मॅनेजर रईसभाई आधी पाच छोट्या ग्लासांतून पाच प्रकार चाखायला द्यायचे. गव्हाची, संत्र्याची साल घातलेली, काळी, कडू आणि एक त्यांच्या मर्जीची.

पाध्ये डोळे मिटून घोट घ्यायचा. "आहाहा! आमच्या पुण्यातसुद्धा अशी मिळायची नाही. सुरुवातीला केळं, मग लवंग... आणि आता बघ, मागून हळूच संत्रं येतंय."

इंगळे मागे वळून बघायचा.

आता प्रश्न एवढाच होता की घरी काय सांगायचं. माझे सासरे, म्हणजे मामाजी, नागपूरचे निवृत्त मुख्याध्यापक. लग्न ठरताना त्यांनी मला एकच प्रश्न विचारला होता, "व्यसन?" मी म्हणालो होतो, "चहासुद्धा बेताचा." तेव्हा ते खरंही होतं! त्या एका उत्तरावर त्यांनी मुलगी दिली आणि पुढची पंचवीस वर्षं नातेवाइकांत "आमचे जावई म्हणजे निर्व्यसनी" असं सांगत फिरले. आता पन्नाशीत मी त्यांना तोंडघशी पाडणार होतो. शिवाय मीनाला, म्हणजे माझ्या बायकोला, खरं सांगायचं तर ते त्याच दिवशी नागपूरला पोचणार, हेही नक्की.

पहिल्याच शनिवारी मीनाने विचारलं, "अहो, एवढी इस्त्री करून कुठे निघालात?"

"भजनाला!" माझ्या तोंडून निघून गेलं. का, ते देवालाच ठाऊक.

 ती आत गेली, माळ्यावरचे जुने टाळ काढले, पुसले आणि प्रसादाच्या फुटाण्यांची पुडी करून माझ्या पिशवीत घातली. तेव्हापासून दर शनिवारी टाळ आणि फुटाणे माझ्याबरोबर पबमध्ये यायला लागले. (सांगायला लाज वाटते, पण गव्हाच्या बिअरबरोबर फुटाणे फार छान लागतात!)

वास लपवायला वेलची चघळत मी घरी परतायचो तो तृप्त, शांत, मंद हसत. पुढ्यात दोडक्याची भाजी आली तरी हूं की चूं न करता खायचो. मीनाची आई फोनवर आली तरी आपणहून पाच मिनिटं बोलायचो. मला वाटायचं, बायको खूश असेल. ती मात्र दिवसेंदिवस गप्प होत चालली होती आणि ते बघून माझं मन मला खायचं. एका शनिवारी तर कबूल करायचं ठरवूनच घरी आलो, पण तिने जिना चढून आलेल्या माझ्या पायांवर गरम पाणी घातलं आणि माझी जीभ टाळ्याला चिकटली.

आणि मग एका शनिवारी दुपारी दारात मामाजी उभे! हातात पिशवी, पिशवीत स्वतःचे टाळ.

"जावईबापू, तुमच्या भजनाचं फार ऐकलं मीनाकडून. आज मीही येतो."

 मी तडक बाथरूममध्ये जाऊन, नळ सोडून, पाध्येला फोन लावला.

"पाध्ये, मामाजी आलेत. आज भजन तुझ्या घरी!"

"माझ्या घरी? अरे, माझ्या घरी मी शनिवारी योगवर्गाला जातो! बायकोने चटई घेऊन दिलीये."

"मग इंगळेकडे!"

"इंगळे घरच्यांच्या मते चार इमलीला साहेबांच्या बंगल्यावर त्यांच्या मुलीला गणित शिकवतो."

दीड वर्षात आम्ही बिअरच्या बारा प्रकारांवर एकमत केलं होतं, पण थापेवर एकदाही चर्चा केली नव्हती. शेवटी जवळच्या मारुतीच्या देवळात जमायचं ठरलं.

देवळाच्या ओट्यावर आम्ही बसलो. मामाजींनी मांडी घातली, डोळे मिटले आणि म्हणाले, "हं, करा सुरू."

मी पाध्येकडे पाहिलं. पाध्येने इंगळेकडे पाहिलं. इंगळेने मारुतीकडे पाहिलं. मग पाध्येने जीव एकवटून एक आरती सुरू केली, कारण मराठी माणसाला न शिकता तेवढीच येते. ती संपली तशी दुसरी. मग तिसरी. तिघांच्या तीन चाली, इंगळे एक ओळ मागे. पंचवीस मिनिटांत आमचा सगळा साठा संपला आणि आम्ही पुन्हा पहिलीवर आलो.

मामाजींनी एक डोळा उघडला. "जावईबापू, भजन केव्हा करता तुम्ही?"

"हे... हे आधीचं आहे, मामाजी. आता रंग चढेल."

रंग चढावा म्हणून पाध्येने टाळ उचलले. इंगळेनेही उचलले. दोघांचे टाळ हवेत एकमेकांवर किणकन आपटले आणि दीड वर्षाच्या सवयीने दोघेही एका सुरात ओरडले, "चीअर्स!"

त्या संध्याकाळी तेवढंच काय ते सुरात झालं.

"हे काय बोलून राहिले तुम्ही?" मामाजी म्हणाले. (ते एरवी छापील बोलतात. "करून राहिले, बोलून राहिले" सुरू झालं की समजावं, प्रकरण गंभीर आहे.)

"आमच्या पुण्यात अशीच पद्धत आहे," पाध्ये घाम पुसत म्हणाला.

एवढ्यात पुजारी बाहेर आले. आम्हा तिघांना नीट न्याहाळून म्हणाले, "भाईसाब, नए आए हो क्या मोहल्ले में? पहले कभी देखा नहीं आपको."

मामाजींनी टाळ पिशवीत ठेवले. पाध्ये आणि इंगळे चपला शोधायच्या निमित्ताने जे गेले ते परत आलेच नाहीत.

अर्धा तास त्यांची वाट बघून शेवटी मामाजींना गाडीत बसवलं.  घराच्या वळणावर आलो आणि माझा फोन वाजला. तो गाडीच्या स्पीकरला जोडलेला होता. बंद करायला गेलो तर घाईत बोट भलत्याच बटणावर पडलं आणि सगळ्या गाडीत रईसभाईंचा खणखणीत आवाज घुमला.

"अरे सर! कहाँ रह गए? आपके दोनों दोस्त तो कब के आ गए! आपकी टेबल रखी है, और काली वाली आज ही ताज़ी निकली है! फुटाने लाना मत भूलिएगा!"

फोन बंद झाला. मी गाडी कडेला घेतली. पंचवीस वर्षांची अब्रू गेली होती आणि आता लपवायलाही काही उरलं नव्हतं. मी सगळं सांगून टाकलं. भजन खोटं, मंडळ खोटं, बिअर तेवढी खरी.

मामाजी समोरच्या काचेतून बघत होते. "गाडी वळवा," ते म्हणाले.

"नागपूरला?" मी घाबरून विचारलं.

"तुमच्या त्या पबकडे वळवा!"

मिसरोदला आम्ही आत शिरलो तेव्हा पाध्येच्या मिशीला फेस होता. मामाजींना बघताच तो उठून उभा राहिला. इंगळेही उठला, हातातल्या ग्लासासकट. रईसभाईंनी "आइए बाबूजी!" म्हणत पाच छोटे ग्लास पुढे आणून ठेवले. मामाजी खुर्चीत ताठ बसले, शाळा तपासायला आल्यासारखं एकेक ग्लास उचलून उजेडात पाहिला, वास घेतला, तसाच खाली ठेवला आणि खिशातून फोन काढला.

"मीना? हो, सापडलं सगळं. मिसरोदला आहे मी. पबमध्ये. जावई इथे दर शनिवारी बिअर पितात."

मी डोळे मिटून घेतले. फोनमधून हुंदक्याचा आवाज आला. पंचवीस वर्षांत मी बायकोला असं रडवलं नव्हतं.

"नक्की ना बाबा?" मीना रडत विचारत होती. "नक्की बिअरच ना? भजन नाही ना करत?"

"नाही गं. एक ओळसुद्धा येत नाही त्यांना, मी स्वतः ऐकलं."

"सुटले बाई मी!"

मग सगळा उलगडा झाला. मीनाच्या धाकट्या काकांनी असंच शनिवारी भजनाला जायला सुरुवात केली होती. मग ते मंद हसायला लागले, मिळेल ती भाजी मुकाट्याने खायला लागले आणि एक दिवस फ्रिजवर चिठ्ठी लावून ओंकारेश्वरच्या एका आश्रमात निघून गेले, ते अजून परतलेले नाहीत! माझं दोडकं खाणं बघून मीना दीड वर्ष धास्तावली होती. मला वैराग्यातून ओढून आणायलाच तिने वडिलांना बोलावलं होतं.

"अहो, मला सांगायचं तरी!" ती आता मला ओरडत होती, आणि ते ओरडणं कानाला इतकं बरं वाटलं की माझेही डोळे भरून आले. "पुढच्या शनिवारी मी येणार बघायला. आणि आज दोडकं केलंय, नको असेल तर तसं तोंडाने बोला!"

"नको!" मी दीड वर्षाचा दम एकवटून ओरडलो.

फोन ठेवल्यावर मी मामाजींपुढे हात जोडले. "मामाजी, चुकलो. तुम्ही सगळीकडे सांगत होता, जावई निर्व्यसनी म्हणून. तुम्ही म्हणाल ते आजपासून बंद."

मामाजींनी रईसभाईंकडून लिंबूसोडा मागवला, एक घोट घेतला आणि आम्हा तिघांवरून नजर फिरवली.

"शनिवारी एखादा ग्लास घेता, मुलीला त्रास नाही, चालेल मला. नातेवाइकांचं मी बघून घेईन. पण तासभर जे ऐकलं ना मी त्या ओट्यावर..." त्यांनी डोळे मिटले. "ते मात्र बंद. शपथ घ्या."

आम्ही तिघांनी तिथेच, ग्लासांवर हात ठेवून, शपथ घेतली. ती मी आजवर कडक पाळली आहे. आता मामाजी नातेवाइकांत अगदी छातीठोकपणे सांगतात, "आमचे जावई? भजनाला शिवतसुद्धा नाहीत!"