अंगणातलं ऊन

ऊन मोजणं हे माझं काम आहे, असं सांगितलं की लोक हसतात. ऊन सगळीकडे सारखंच, असं त्यांना वाटतं. तसं नसतं. सरावलीला चिकूच्या वाड्यांची सावली आडवी येते, चारोटीला हायवेची धूळ पॅनेलवर बसते, सायवनकडे सूर्य डोंगराआड लवकर जातो. सोलर पंपासाठी जागा बघायची, तिथे वर्षभर किती ऊन मिळेल ते काढायचं आणि अहवाल द्यायचा, एवढंच मी करते.

तलासरीच्या पूर्वेकडे एका पाड्यावर अशीच गेले होते. विहीर खोलगटात होती, भोवती दाट झाडी. बायका पाणी शेंदून हंडे घेऊन चढ चढत. चढाच्या वर एकच घर होतं आणि त्याचं अंगण सपाट, मोकळं. मी तिथे उपकरणाची तिपाई लावून मोजमाप घेतलं. इतकी चांगली जागा त्या भागात मला मिळाली नव्हती.

तेवढ्यात घरातली बाई नवऱ्याच्या काखेत हात घालून त्याला बाहेर घेऊन आली. त्याला अर्धांगवायू झाला होता, वाचाही गेली होती. तिने त्याला खाटेवर निजवलं आणि त्याचा हात चोळत बसली. हिवाळा होता.

अंगणात पंपाची पॅनेल लावायची आहेत, असं मी सांगितल्यावर ती म्हणाली, "ताई, घर आतून गार हाय. सकाळचं ऊन याला इथंच मिळते."

विहिरीवरच्या बायका जमल्या होत्या. त्यातली एक पुढे होऊन म्हणाली, "खाट बाजूला घे ना. आमच्या मानेचं काय? मी पोटुशी असताना पण हंडे वाहिले."

खाटेजवळची बाई नवऱ्याचा हात चोळत राहिली. मला दोघींपैकी कुणाचंच चुकतंय असं वाटलं नाही, आणि निवाडा करणं माझं काम नव्हतं. मी तिपाई उचलली आणि मागच्या खडकावर जाऊन पुन्हा मोजलं.

खाली आल्यावर जे होतं ते सांगितलं. "खडकावर जमेल. पण पूर्वेला टेकडी आहे. थंडीत तिथे ऊन उशिरा पोचेल, म्हणजे पाणीही उशिरा सुरू होईल."

"किती उशिरा?" हंडेवालीने विचारलं.

"भाकऱ्या थापून होतील तोवर."

ती खाटेकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मग भाकऱ्या आधी थापू. खडकावरच लावा."

मी अहवालात खडकाची जागा लिहिली. कार्यालयात विचारलं गेलं, चांगली जागा सोडून ही का? अंगण वापरात आहे, असं मी उत्तर दिलं. त्यावर कुणी पुढे विचारलं नाही.

पावसाळ्यानंतर पंप बसला. पुढच्या हिवाळ्यानंतर तो माणूस वारला. मी तपासणीला गेले तेव्हा त्याच्या बायकोने मला बसवून कोरा चहा दिला.

"आता अंगण मोकळंच हाय, ताई. पंप इकडे आणायचा तर आणा. बायांना सकाळी थांबावं लागते."

खांब काँक्रीटमध्ये पक्के होते. ते हलवता येणार नाहीत, असं मी सांगितलं. तिने मान हलवली आणि चहा पंपाच्या पाण्याचा आहे, चव कशी लागते, असं मला विचारलं.