मिस्त्रींचे भारी शब्द

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींना कामापुरतं इंग्रजी येत होतं. त्यांची बायको नर्स. ती परदेशातल्या हॉस्पिटलात लागली आणि तिच्याकडे जायचं तर मिस्त्रींनाही इंग्रजीची परीक्षा द्यावी लागणार, असं निघालं. साध्या शब्दांना तिथे कुत्रं विचारत नाही, भारी शब्द वापरा, असं क्लासच्या सरांनी बजावलं. मिस्त्री सांगितलेलं काम चोख करणारे. त्यांनी भारी शब्दांचा सपाटाच लावला.

जेवताना ते आईच्या भाजीला रुचकर म्हणायचं सोडून 'डिलेक्टेबल' म्हणाले. मीठ कमी पडलं असावं, असं समजून त्या माउलीने वरून मीठ वाढलं. बायकोला फोनवर त्यांनी आपण 'डिस्कन्सोलेट' असल्याचं कळवलं, तर तिने पोट कधीपासून बिघडलंय ते विचारलं. तुझ्या आठवणीने उदास आहे, हे मग त्यांना लाजत लाजत मराठीत सांगावं लागलं.

एका दुपारी एका इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आत तिथेच राहणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका होत्या आणि त्या दारावर धपाधप हात मारत होत्या. हात मारून आणखी बिघडवू नका, असं सांगायला मिस्त्रींनी वरून आवाज दिला, पण जिभेवर सवयीने भलतंच आलं.

"मॅडम, डोन्ट एक्झॅकर्बेट द सिच्युएशन."

हात थांबले. आतून आवाज आला, "इग्झॅसर्बेट. आणि घाबरलेल्या माणसाशी असं बोलतात का?"

मिस्त्री ओशाळले. ब्रेक जाम झाला होता, वेळ लागणार होता. बंद जागेत मला धाप लागते, तुम्ही काहीही बोला पण बोलत राहा, असं बाई म्हणाल्या. मिस्त्रींना दुसरं काही सुचेना, म्हणून ते पाठ केलेले शब्द म्हणू लागले. बाई आतून एकेकाचा अर्थ सांगून वाक्य करून दाखवू लागल्या. 'प्रिकॅरियस' आला तेव्हा मात्र त्या अडखळल्या.

"म्हणजे केव्हा कोसळेल त्याचा नेम नाही असं. याचं वाक्य नको. पुढचा घ्या."

लिफ्ट अखेर मजल्याला लागली. बाई घामाघूम होऊन बाहेर आल्या, पाणी प्यायल्या आणि उद्यापासून संध्याकाळी शिकायला घरी या, असं त्यांनी फर्मावलं.

बाईंनी शिकवण्याआधी कापाकापीच केली. काय सांगायचंय ते आधी ठरवा, असं म्हणत त्या एकेक भारी शब्द वगळायच्या आणि मिस्त्रींचा चेहरा असा व्हायचा, जणू कोणी त्यांचे पाने-हातोडे भंगारात घालतंय.

तोंडी परीक्षेत, तुम्ही कुणाला मदत केल्याचा प्रसंग सांगा, असं विचारलं. मिस्त्रींनी लिफ्टमधल्या बाई सांगितल्या. त्या घाबरल्या होत्या आणि मीही घाबरलो होतो, हे त्यांनी अगदी सोप्या इंग्रजीत सांगितलं. बोलण्यात उत्तम गुण पडले. लेखनात मात्र थोडक्यासाठी नापास झाले, कारण कागदावर बाई अडवायला नव्हत्या. दुसऱ्या खेपेला तेही निघालं.

निकाल घेऊन ते बाईंकडे गेले. बाईंना आनंद झाला. मग त्या उगाच टेबल आवरू लागल्या. संध्याकाळी आता कोणी यायचं नव्हतं. मिस्त्रींना आभार मानायचे होते, पण साधा ना भारी, एकही शब्द सापडेना.

"बाई, स्वयंपाकघरातल्या त्या कपाटाचं दार नीट लागत नाही," ते शेवटी म्हणाले. "जाण्याआधी तेवढं बसवून देतो."

"बसवा," बाई म्हणाल्या आणि चहा ठेवायला उठल्या.