हिरव्या पोरीचं बारसं

गेम खेळणाऱ्या मोठ्या माणसांबद्दल माझं मत पहिल्यापासून चांगलं नाही, आणि ते मी कधी लपवलेलंही नाही. लग्न ठरत होतं तेव्हा नवऱ्यानं स्वतःहून सांगितलं होतं, "मी रोज थोडा वेळ गेम खेळतो." मी म्हटलं, "खेळ की. मोठा झालास की सुटेल आपोआप." सुटलं नाही. हडपसरच्या आमच्या फ्लॅटमधल्या सोफ्याचा एक कोपरा त्याच्या बसण्यानं खोलगट झालाय, आणि तिथल्याच उशीखाली ते हातात धरून खेळायचं यंत्र असतं. त्याचा लाडका खेळ म्हणजे निरनिराळे प्राणी पकडायचे, वाढवायचे आणि एकमेकांशी झुंजवायचे. कुणी आगीचे, कुणी पाण्याचे, कुणी दगडाचे, कुणी झाडपाल्याचे. "म्हणजे कोंबड्यांची झुंज लावतात तसंच ना हे?" मी विचारायचे. तो म्हणायचा, "हौ." तो विदर्भातला. 'हौ' म्हटल्यावर पुढे भांडायचं तरी कशावर?

लग्नानंतर काही वर्षांनी मला दिवस गेले. माझं माहेर सदाशिव पेठेतलं. आईशी मी मिठापासून मतदानापर्यंत सगळ्यावर वाद घालते, पण तिची एक गोष्ट मी मुकाट्यानं ऐकली. बारशाआधी बाळाचं नाव तोंडातून काढायचं नाही आणि घरात झबलं-टोपडं आणायचं नाही. नाव मात्र ठरलं होतं. नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणून माझ्या नणंदेनं अकोल्याहून फोन करून सांगितलं होतं, मुलगी झाली तर हेच. इतकं छान नाव होतं की मुलाच्या नावाचा विचार करायचं आम्ही विसरूनच गेलो. मी ते मनातल्या मनात घोळवायचे, कणीक मळताना, कंपनीच्या बसमध्ये, मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून. ओठांवर एकदाही आणलं नाही. इतकी आज्ञाधारक मी आयुष्यात कधीच नव्हते.

पाचव्या महिन्यात सगळं संपलं. मुलगी होती हे आम्हाला कळलं ते तेव्हाच. दवाखान्यात जाताना जी कापडी पिशवी नेली होती तीच घेऊन आम्ही परत आलो, तिच्यात माझा गाऊन आणि पाण्याची बाटली. सोसायटीतल्या एक काकू भेटायला आल्या आणि म्हणाल्या, "वाईट वाटून घेऊ नकोस, अजून वय आहे." मी विचारलं, "कुणाचं?" त्या चहा न घेताच गेल्या. मी रडले नाही. नवराही माझ्यासमोर रडला नाही. ते नाव आमच्यापैकी कुणी घेतलं नाही, कारण घ्यायला आता काही निमित्तच उरलं नव्हतं.

त्यानंतर एका रविवारी मी चहा घेऊन बाहेर आले, तर नवरा यंत्रावर वाकून बसला होता. त्या खेळात प्राण्यांची अंडीही मिळतात. ती जवळ बाळगून चालत राहायचं, की कधीतरी फुटतात. त्याचं अंडं नुकतंच फुटलं होतं. आतून एक हिरवं पिल्लू निघालं होतं, मटारच्या दाण्याएवढं गोल, डोक्यावर दोन कोवळी पानं. "ग्रास टाइप आहे," तो म्हणाला. खेळ विचारत होता, हिचं नाव काय ठेवू? आणि खाली चौकटीत एकेक अक्षर उमटत होतं. शेवटचं अक्षर पडेपर्यंत मी कप हातात धरून उभी होते.

"कुणाला विचारून?" माझा आवाज शेजारी गेला असणार.

तो मान वर न करता म्हणाला, "कोणीतरी घ्यायला पायजे होतं नं ते नाव."

"या बाहुलीला? माझ्या पोरीचं नाव तू या पाल्याला दिलंस? काढ ते. आत्ताच्या आत्ता काढ!"

त्यानं समजावलं की लगेच काढता येत नाही. खेळात पुढे एक गाव लागतं, तिथे एक म्हातारा नावं बदलून देतो, पण त्याचा खेळ अजून तिथवर पोचला नव्हता. "मग पोच लवकर," मी म्हटलं आणि दोन्ही कप बेसिनमध्ये ओतून टाकले. चांगला आल्याचा चहा होता.

दवाखान्यातून आल्यापासून माझं काम घरूनच चालायचं आणि तो रोज दुचाकीवरून ऑफिसला जायचा. एका दुपारी जेवण झाल्यावर मी उशी उचलली. फक्त बघायचं, असं ठरवलं होतं. पडद्यावर ती उभी होती, पायाशी तिचं नाव, आणि बाजूला लिहिलं होतं की स्वभाव शांत आहे. मी म्हटलं, "हं, म्हणजे आईवर नाही गेली." म्हटलं आणि तोंडावर हात ठेवला.

मग रोजच बघायला लागले. बघता बघता खेळायला लागले. पाण्याच्या प्राण्यांना ती सहज लोळवते हे मला चटकन कळलं. आमच्या घरासमोर खेळातलं एक तळं होतं (आमच्या म्हणजे नवऱ्याच्या, तिथल्या), तिथले मासे मी तिच्याकडून झोडपून घ्यायचे. ऊन पडलं की तिची ताकद वाढायची आणि जखमा आपोआप भरून यायच्या. मी उन्हाची वाट बघत बसायचे, पापड वाळत घातल्यासारखी. आणि खेळात हुकूम देताना काहीतरी म्हणावं लागतंच, तसं ते नाव एका दुपारी माझ्या तोंडून बाहेर पडलं. "अगं, बघत काय बसलीस, मार की!" च्या आधी ते नाव. मोठ्यानं. बारसं नाही, काही नाही. मी आजूबाजूला पाहिलं. पंखा फिरत होता, खाली भंगारवाला ओरडत होता. कुणी काही म्हटलं नाही. मी पुन्हा एकदा म्हटलं.

आगीच्या प्राण्यांपासून मी तिला दूर ठेवायचे. झाडपाल्याला आग सोसत नाही हे सांगायला गेम कशाला हवा? समोर आगीचं काही आलं की मी तिला मागे घ्यायचे आणि नवऱ्याचा कुठलातरी दगडगोटा पुढे करायचे. पण एकदा माझं बोट चुकीच्या बटणावर पडलं. समोरच्या कोल्ह्यानं एकच लोळ सोडला आणि ती आडवी झाली. खाली इंग्रजीत वाक्य आलं, आधी तिचं नाव आणि मग बेशुद्ध पडली.

खेळात अशा वेळी जवळच्या दवाखान्यात न्यायचं असतं. मी धावत नेलं, म्हणजे बटण दाबून धरलं. तिथली नर्स हसून म्हणाली, द्या इकडे. एक छोटीशी धून वाजली. आणि ती म्हणाली, घ्या, पूर्ण बरी झाली तुमची. एवढंच! सही नाही, 'तुम्ही जरा बाहेर थांबा' नाही, मोठ्या डॉक्टरांची वाट बघणं नाही. माझी पोर माझ्याकडे परत दिली आणि वर म्हणाली, पुन्हा या.

मी पुन्हा गेले. काही झालेलं नसताना गेले. तळ्यावर एखादी किरकोळ लढत झाली की लगेच दवाखाना. मग लढत न करताही. दाराशी जायचं, तिला नर्सच्या हातात द्यायचं, धून संपेपर्यंत श्वास धरून थांबायचं आणि परत घ्यायचं. वेड्या बाईसारखी मी दुपारच्या दुपारी तेच करत बसले. पाच वाजता यंत्र उशीखाली होतं तसं ठेवायचं, तोंड धुवायचं. नवऱ्याला मी काही सांगितलं नाही. ज्या गोष्टीवरून आपण घर डोक्यावर घेतलं ती आपणच करतोय, हे सांगायला जीभ रेटत नाही.

आणि एका दुपारी मी यंत्र उघडलं तर पायाशी वेगळंच नाव. कोथिंबीर.

मला वाटलं मी दुसराच प्राणी उघडला. पण तीच होती. तीच दोन पानं, तोच शांत स्वभाव, तळ्यावर मीच शिकवलेले डाव. नवरा त्या म्हाताऱ्याच्या गावात पोचला होता. मी त्याला ऑफिसात फोन लावला.

"कोथिंबीर?" मी ओरडले. "भाजीवाल्याकडे फुकट मागून घेतात ती कोथिंबीर? हे नाव दिलंस तू तिला?"

तो हळूच म्हणाला, "तूच म्हणाली होतीस नं, काढ म्हणून. मला वाटलं, तुला दिसायला नको."

खरं होतं. बिचाऱ्यानं माझ्यासाठी केलं होतं. पण आता ते नाव कुठेच नव्हतं. जन्माच्या दाखल्यावर नाही, कुठल्या वहीवर नाही, दप्तरावर नाही. साऱ्या जगात एका खेळण्याच्या पडद्यावर, एका हिरव्या दाण्याच्या पायाशी ते लिहिलेलं होतं, तिथूनही पुसलं. मी फोनवर रडायला लागले. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा. नाक, डोळे, सगळं. "मी खेळायचे रे तिच्याशी," मी म्हटलं, "रोज खेळायचे." तो अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आला आणि हेल्मेट डोक्यावर तसंच ठेवून माझ्याशेजारी बसला.

"परत ठेवू," तो म्हणाला. "पण या वेळी रीतसर."

रविवारी संध्याकाळी त्यानं खेळातल्या त्या म्हाताऱ्यासमोर पोरीला उभं केलं आणि ताईंना, म्हणजे त्याच्या मोठ्या बहिणीला, व्हिडिओ कॉल लावला. मला वाटलं त्या हसतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, फोन ठेवू नका म्हणाल्या आणि आत जाऊन साडी बदलून आल्या. मी पाटावर तांदूळ पसरले, वर यंत्र ठेवलं. कोमट दुधात साखर घालून वाटी बाजूला ठेवली, कशासाठी ते मलाही सांगता आलं नसतं. नवऱ्यानं फोन यंत्राच्या अगदी जवळ धरला. ताई पडद्याशी तोंड आणून म्हणाल्या, "कुर्र!" आणि मग ते नाव. मोठ्यानं, स्पष्ट, अकोल्याहून. मी एकेक अक्षर बोटानं दाबून लिहिलं.

आत्यानं कुर्र केलं की बाकीच्या बायका तिच्या पाठीत गमतीनं बुक्के घालतात. आत्या लांब होती, बायकाही नव्हत्या. "मग मला घाल," असं म्हणून नवरा पाटासमोर वाकला. मी एक घातला, गमतीचा. दुसराही गमतीचाच असेल. मग मला थांबताच येईना. दोन्ही मुठींनी मी त्याच्या पाठीत मारत होते, नर्ससाठी, त्या कापडी पिशवीसाठी, 'अजून वय आहे'साठी, आणि तोंडानं तिचं नाव घेत होते. तो उठला नाही. वाकलेला होता तसाच राहिला, आणि त्याची पाठ हुंदक्यांनी हलत होती. शेवटी माझे हात दुखून आले तेव्हा मी त्याच पाठीवर डोकं टेकलं.

फोन तांदळात पडला होता. ताईंना तिकडे फक्त आमचं छत दिसत असणार. मग त्यांचा आवाज आला, घोगरा.

"ऐकू आलं का गं तिले?"

"आलं, ताई," मी म्हटलं.